पडलेल्या वाऱ्यातलं शीड

आमच्या घराजवळच्या तळ्यावर वारा कधीच पुरेसा नसतो. हे मला तिथे येणाऱ्यांनीच सांगितलं, आणि तेही थोड्या अभिमानाने. ज्यांना खरा वारा हवा असतो ते गाडीच्या टपावर बोर्ड बांधून समुद्राकडे जातात. तळ्यावर येतात ते म्हातारे, आळशी आणि शिकाऊ. मेलबर्नच्या आग्नेयेला, डँडेनॉन्गकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या मागे, वाळूच्या जुन्या खाणीत पाणी साठून झालेलं हे तळं. एका काठाला बाकं आणि बार्बेक्यू, समोरच्या काठाला उंच लव्हाळी, आणि मधे बहुतेक वेळा सपाट पाणी. मी या भागात पुष्कळ वर्षं राहते, पण त्या तळ्याकडे नीट बघायला लागले ती माझ्या भाचीमुळे.

ती माझ्या दादाची मुलगी. मास्टर्स करायला मेलबर्नला आली आणि काही आठवड्यांतच लॉकडाऊनमुळे युनिव्हर्सिटी बंद होऊन सगळं लॅपटॉपवर गेलं. तिच्या फ्लॅटमधल्या दोघी मिळेल त्या विमानाने भारतात परतल्या. एकटीला भाडं परवडेना, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. मी एकटीच असते. वाचनालयात नोकरी करते, तेही तेव्हा बंद होतं. त्या हिवाळ्यात व्यायामासाठी रोज तासाभराची मुभा होती आणि घरापासून ठरावीक अंतराच्या पलीकडे जाता येत नव्हतं. त्या अंतरात जे काही बघण्यासारखं होतं ते हे तळं. मास्क लावून आम्ही त्याला फेरी मारायचो. पाण्यावर बदकांशिवाय कुणी नसायचं.

निर्बंध उठले तेव्हा एका शनिवारी पाण्यावर शिडं दिसली. तीन-चार असतील. भाची काठावर उभी राहिली ती हलेचना. "आत्या, हे लोक काहीच करत नाहीयेत, आणि तरी पुढे चाललेत," ती म्हणाली. तिथेच एक निवृत्त डेंटिस्ट भेटले. त्यांना गुडघ्यामुळे मोठा बोर्ड उचलवत नव्हता, तो त्यांनी तिला वापरायला देऊन टाकला, आणि वर शिकवायचंही कबूल केलं.

हलक्या वाऱ्यातलं विंडसर्फिंग म्हणजे मुख्यतः उभं राहणं. रुंद बोर्ड, त्यावर डोलकाठी, तिला मोठं शीड. शीड पाण्यात आडवं पडलेलं असतं. बोर्डवर चढून दोरीने ते हळूहळू वर ओढायचं, मग आडवा दांडा दोन्ही हातांत धरायचा आणि वाट बघायची. पाण्यावर जिथे काळसर सुरकुती दिसते तिथे वारा असतो. ती सुरकुती आपल्यापर्यंत येईपर्यंत काही करता येत नाही. अगदीच वारा पडला तर शीड छातीशी ओढून सोडायचं, पुन्हा ओढायचं, म्हणजे पंख्यासारखा आपणच थोडा वारा करायचा. याला ते पम्पिंग म्हणतात. त्याने दंड भरून येतात आणि बोर्ड वीतभर सरकतो.

काइटवालेही कधीमधी यायचे, पायाखाली छोटी फळी आणि आकाशात मोठा पतंग. पण त्यांचं तळ्यावर फार काळ जमत नसे. वारा पडला की पतंग पाण्यात बसायचा आणि पतंगवाला दोऱ्या गुंडाळत, शिव्या घालत चालत बाहेर यायचा. डेंटिस्ट मला म्हणायचे, "आमचं बरं. आम्हाला निदान उभं राहायला जागा असते." मी बाकावर पुस्तक उघडून बसलेली असायचे. पुस्तकापेक्षा शिडाकडेच जास्त बघायचे.

दादाला यातलं काहीही माहीत नव्हतं.

आमच्या घरात बातमी सांगायची एक पद्धत आहे. ती कुणी घालून दिली ते मला माहीत नाही. वाईट किंवा काळजीची बातमी आधी एकाला कळते, आणि मग तो ठरवतो की कुणाला, कधी, किती सांगायचं. परीक्षा असेल तर परीक्षेनंतर. प्रवासात असेल तर पोचल्यावर. परदेशी असेल तर सगळं निस्तरल्यावर. आमच्या बाबांची बायपास झाली तेव्हा मी इथे नवीन होते. मला कळलं ते टाके काढल्यावर. माझं लग्न मोडलं तेव्हा मी आईला बरेच महिने सांगत होते की तो कामासाठी ॲडलेडला असतो. यात कुणी कुणाला फसवतंय असं कुणालाच वाटत नाही. उलट ज्याच्यापासून लपवलं जातं तो लाडका समजायचा.

तर दादाला पाण्याची भीती होती. स्वतः तो पोहायला कधी शिकला नाही. पण मुलीला आलंच पाहिजे म्हणून पुण्यात महापालिकेच्या तलावावर तिला रोज न्यायचा आणि बॅच संपेपर्यंत जाळीला धरून उभा असायचा. कोच म्हणायचे, "सर, बसा की जरा." दादा म्हणायचा, "तुम्ही शिकवा. मी डोकी मोजतोय." ही गोष्ट वहिनी सगळ्यांना सांगायच्या आणि दादा दर वेळी म्हणायचा, "हसा. एकदा एक कमी भरलं होतं." ते डोकं संडासात गेलं होतं असं निघालं.

म्हणून भाचीचे बोर्डवरचे फोटो फक्त वहिनींना जायचे. खाली वहिनींचं उत्तर यायचं, "मस्त गं. ह्यांना दाखवत नाहीये."

पुढच्या एप्रिलमध्ये इथे सगळं सुरळीत होतं. वाचनालय उघडलं होतं, डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवर, देशी दुकानांत भाजी घेताना लोक मास्क हनुवटीवर ठेवून गप्पा मारत होते. आणि पुण्यात दादाला ताप आला. आधी घरीच, मग ऑक्सिजन उतरला म्हणून दवाखान्यात. खाट कशी मिळाली ते मी लिहीत नाही, त्या दिवसांत ज्यांनी खाट शोधली त्यांना ते ठाऊक आहे. वहिनींनाही लागण झालेली, त्या घरात एका खोलीत. फोनवर खोकत त्या मला म्हणाल्या, "तिला इतक्यात काही सांगू नका हं. तिचं प्रेझेंटेशन आहे. ह्यांनीच सांगितलंय."

"तिला माहितीये ना पॉझिटिव्ह आहे ते?"

"तेवढं माहितीये. ॲडमिट म्हणजे जपण्यासाठी, असं सांगितलंय. फोन का उचलत नाहीत विचारलं तर म्हणावं, वॉर्डात फोन चालत नाही."

मी बरं म्हटलं. सांगून तरी काय होणार होतं? मला, इथल्या नागरिकाला, देशाबाहेर जायला परवानगी मागावी लागत होती. मागितली होती, उत्तर नव्हतं. ती विद्यार्थी व्हिसावर, ती जाऊ शकली असती, पण मग परत येऊ शकली नसती. आणि त्या आठवड्यात विमानांचंच काही खरं नव्हतं. मी दिवसा वाचनालयात पुस्तकं लावायचे आणि संध्याकाळी तिच्यासमोर बसून जेवायचे. ती विचारायची, "बाबा कसे आहेत?" मी म्हणायचे, "तसेच." हे खरंच होतं. ते तसे म्हणजे कसे, हे ती विचारत नव्हती. आता वाटतं, तीही आमच्याच घरातली. तिला न विचारण्याची पद्धत माहीत होती.

तिचं प्रेझेंटेशन शुक्रवारी झालं. शनिवारी दुपारी वहिनींचा मेसेज आला : "आज सांगा. तुम्ही जवळ आहात, तुम्हीच सांगा." भाची तेव्हा पाण्यात घालायचा रबरी वेटसूट चढवून दारात उभी होती. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता. मी ठरवलं, आल्यावर सांगू. चहा करू आणि सांगू.

तळ्यावर पोचलो तेव्हा थोडा वारा होता. पाण्यावर एकच काइटवाला होता आणि डेंटिस्ट काठाशी खुर्ची टाकून बसले होते. ती म्हणाली, "आत्या, ही बॅग धर. फोन आहे आत. आज मी लव्हाळ्यांपर्यंत जाऊन येणार, बघच तू." आणि गेली. जाताना सुंदर गेली. पाठ सरळ, शीड थोडं मागे कललेलं, मागे पाण्याची बारीक रेघ. ती समोरच्या काठाजवळ पोचली आणि वारा पडला.

तो पडताना आवाज होत नाही. झाडाची पानं थांबतात एवढंच. पतंग आकाशात एकदा डुलला आणि पाण्यात बसला. काइटवाल्याने काहीतरी म्हटलं आणि दोऱ्या गुंडाळायला लागला. तिचं शीड लव्हाळ्यांसमोर उभं राहिलं, पांढरं, निश्चल, एखादं दार उघडं राहावं तसं. डेंटिस्ट हसले. म्हणाले, वीस मिनिटं तरी येत नाही ती आता.

तेवढ्यात माझ्या मांडीवरच्या बॅगेत फोन वाजला. तिचा फोन. मी काढून पाहिलं, पडद्यावर 'बाबा' होतं आणि दादाचा फोटो, चष्मा कपाळावर सरकवलेला. व्हिडिओ कॉल होता.

मी उचलला. आधी नुसतं छत दिसलं, मग निळ्या किटमधला एक तरुण, फक्त डोळे. तो म्हणाला, "ताई, पेशंटना व्हेंटिलेटरवर घ्यायचंय आता. डॉक्टर येतायत. मुलीशी बोलायचं म्हणतायत. दोन मिनिटं आहेत. नंतर बोलता नाही येणार."

"मी मुलगी नाही, बहीण आहे."

"मुलगी कुठंय?"

मी वर पाहिलं. मुलगी समोर दिसत होती. तिच्या वेटसूटवरची पिवळी पट्टीसुद्धा दिसत होती.

मी उठले. डेंटिस्टना इंग्रजीत सांगायला गेले आणि मला वाक्य जुळेना. आयुष्यभर मी या भाषेत नोकरी केली आहे. शेवटी म्हटलं, तिचे वडील, फोनवर, शेवटचं. ते एकदम उभे राहिले. "राइट," म्हणाले, आणि आपल्या दुखऱ्या गुडघ्यासकट काठावरच्या दुसऱ्या एका बोर्डवर पालथे पडून दोन्ही हातांनी पाणी मारत निघाले. ते जात होते, पण कसे जात होते ते मला दिसत होतं. तळं काही मोठं नाही. त्या दिवशी ते मोठं होतं.

फोनमध्ये आता दादा होता. मास्कच्या वर डोळे आणि कपाळ, बाकी सगळं वाफेखाली. मला ओळखून त्याच्या भुवया हलल्या. "मास्तरीणबाई," तो म्हणाला. लहानपणापासून तो मला हेच म्हणायचा. मग श्वास. मग, "कुठाय ती?"

मी एका हातात फोन धरून दुसरा हात वर करून ओरडले. तिचं नाव ओरडले. पुन्हा ओरडले. काइटवाला वळून बघायला लागला, आणि त्याला काय समजलं कोण जाणे, तोही शिट्टी मारायला लागला.

"कुठाय?" दादा पुन्हा म्हणाला.

लायब्ररीत आहे, लेक्चर आहे, झोपली आहे. ही सगळी वाक्यं माझ्याकडे तयार होती, आमच्याकडे ती तयारच असतात. मी म्हटलं, "दादा, ती तळ्यात आहे. बोर्डवर. वारा पडलाय, तिला येता येत नाहीये. दाखवते." आणि कॅमेरा फिरवला.

फोनमधून ऑक्सिजनचा आवाज येत होता, पाणी उकळल्यासारखा. मग दादा म्हणाला, "ते पांढरं?"

"हो. ते तिचं शीड. ती उभी आहे बघ, पिवळी पट्टी."

"उभी आहे?"

"उभी आहे."

श्वास. "किती खोल?"

"कमरेएवढं," मी म्हटलं. ते तळं जुनी खाण आहे. तिथे दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी बुडतील.

"जॅकेट?"

"घातलंय."

मी हात हलवतच होते. आणि तेव्हा तिने बघितलं. तिने दांड्यावरचा एक हात सोडला आणि डोक्यावरून मोठा हलवला, पूर्ण, खांद्यापासून. फोन मी पाण्याकडे धरला होता, त्यामुळे मला दादा कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात दिसत होता, की मोठ्या, ते आता आठवत नाही. त्याने हात उचलला. बोटाला ती ऑक्सिजन मोजायची चिमटी होती. तेवढं बोट हललं.

"बघ," तो म्हणाला. "मला करतेय."

"हो दादा."

"पडत नाही गं ती." त्याच्या आवाजात आश्चर्य होतं.

मग शीड वळलं. मला वाटलं, आली, वारा लागला, येतेय. पण बोर्डचं तोंड पलीकडे झालं, लव्हाळ्यांकडे. मी पुन्हा ओरडले. निळ्या किटमधला तरुण म्हणाला, "काका, डॉक्टर आलेत हं. ताई, ठेवतो." दादा अजून बघत होता. चित्र गेलं तेव्हाही तो बघतच होता.

डेंटिस्ट तेव्हा निम्म्या वाटेवर होते.

ती काठाला लागली तेव्हा दमलेली आणि आनंदात होती. डेंटिस्टनी तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की आत्या बोलावते आहे. "अगं, पम्प करून करून हात गेले माझे," ती म्हणाली, "पण पडले नाही हां, एकदाही. बघितलंस?" मी म्हटलं, बघितलं. मग मी सांगितलं. तिने ओल्या हाताने फोन घेतला, तो ओल्या बोटांना उघडेना, तिने तो माझ्या कुडत्याला पुसला आणि लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. ती ओल्या वेटसूटमध्येच बाकावर बसली आणि लावत राहिली. तिने एकदाच विचारलं, "कधीपासून एवढं होतं?" मी खरं सांगितलं. ती पुन्हा नंबर लावायला लागली. मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

दादा त्यानंतर आठवडाभरही राहिला नाही. शुद्धीवर आला नाही. त्याला महापालिकेच्या माणसांनीच नेलं. वहिनींना गॅलरीतूनही दिसला नाही. आम्हाला फोनवर कळलं, आणि नंतर घरात बसायचं, भेटायला येणाऱ्यांना पाणी द्यायचं, यातलं काही इथे नव्हतं. शेजारच्या बाईंनी दारात बनाना ब्रेड ठेवला होता. मी भाचीसाठी दहा दिवस गोड केलं नाही आणि तिला ते कळलंही नाही.

थोड्या आठवड्यांनी मेलबर्न पुन्हा बंद झालं. पुन्हा ठरावीक अंतर, पुन्हा मुभा, पुन्हा तळ्याला फेरी. ती यायची, पण आम्ही बोलत नव्हतो. म्हणजे भाजी, मीटिंग, कपडे, हे बोलायचो. एका दुपारी समोरच्या काठावर लव्हाळ्यांपाशी आल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "आता सांग. सगळं. काही गाळू नको."

मी सगळं सांगितलं. मास्तरीणबाई म्हणाला ते, खोलीचं विचारलं ते, मी कमरेएवढं म्हटलं ते. बोट हललं ते. "मला करतेय" म्हणाला ते.

ती पाण्याकडे बघत होती. "मी तुला हात केला होता," ती म्हणाली.

"माहितीये."

"त्यांना वाटलं त्यांना केला."

"हो."

आम्ही पुढे चाललो. मास्कमुळे तिचा चेहरा मला दिसत नव्हता. मग तिने विचारलं, "तू हाक नाही मारलीस?"

"मारली. ओरडले. खूप ओरडले मी. वाटलं, तुझ्यापर्यंत पोचत नाहीये."

"पोचत होतं," ती म्हणाली. "ऐकू येत होतं, आत्या. पण तू कधी ओरडत नाहीस ना. आणि तो काइटवाला शिट्ट्या मारत होता. मला वाटलं, आज आत्या चक्क खूश आहे. म्हणून वळले मी. म्हटलं, अजून एकदा जाऊन दाखवू हिला."

एवढं बोलून ती चालायला लागली. मी तिच्या मागून चालत राहिले.